संगणक सुरू होत नाही : गाडी नेमकी अडली कुठे?

आज आम्ही संगणक दुरुस्त कसा करायचा हे शिकवणार नाही. ते तासाभरात होतही नाही. आजचा विषय त्याच्या अलीकडचा आहे. बटण दाबल्यापासून विंडोजचं चिन्ह पडद्यावर दिसेपर्यंत जो अर्धा-एक मिनिट जातो, त्या अर्ध्या मिनिटात यंत्र अडलं, तर ते कुठे अडलं हे ओळखायचं कसं, एवढंच आपण बघणार आहोत.

समोर शाळांमधले शिक्षक आहेत, ग्रामपंचायतीत बसून दाखले काढून देणारी मुलं-मुली आहेत, दोन-चार दुकानदारही दिसतायत. तुमच्यापैकी प्रत्येकाने एक वाक्य कधी ना कधी ऐकलंच असेल : "फॉर्मॅट मारावा लागेल." या एका वाक्यापायी कर्जत-खालापूर पट्ट्यात किती घरपट्टीच्या नोंदी, किती निकालपत्रकं, किती लग्नांचे फोटो पुसले गेले असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. आणि गंमत अशी की विंडोज सुरू होण्याच्या आधीच यंत्र अडलं असेल, तर फॉर्मॅटचा त्याच्याशी काडीचा संबंध नसतो. आजार रेड्याला आणि औषध पखालीला. औषधाने आजार जात नाही, पखाल मात्र फाटते. त्या पखालीत तुमचं सगळं काम असतं.

आता यंत्राच्या पोटात काय चालतं ते बघू. कर्जतच्या माणसाला हे समजावणं इतरांपेक्षा सोपं आहे, कारण तुम्ही घाटाच्या पायथ्याशी राहता. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, मागून बँकर इंजिनं जोडली जातात, मग ती ३७ फुटांना एक फूट असा चढ चढायला लागते. पळसदरी, जांब्रुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल, खंडाळा. आता समजा, गाडी ठाकूरवाडीवरून पुढे गेल्याची खबर आली, पण नागनाथला पोहोचलीच नाही. शोधायला माणूस कुठे पाठवाल? खंडाळ्याला नाही, आणि परत कर्जतलाही नाही. ठाकूरवाडी आणि नागनाथच्या मध्येच.

संगणकाचंही असंच आहे. बटण दाबल्यावर तो ठरलेल्या क्रमाने एकेक टप्पा पार करतो आणि प्रत्येक टप्प्यावर स्वतःचीच तपासणी करतो. या तपासणीला 'पॉवर ऑन सेल्फ टेस्ट' म्हणतात, आद्याक्षरं घेऊन 'पोस्ट'. आधी वीज, मग प्रोसेसर, मग मेमरी म्हणजे रॅम, मग पडदा, मग कीबोर्ड आणि डिस्क, आणि सगळ्यात शेवटी विंडोज. क्रम सहसा बदलत नाही. म्हणून 'काय बिघडलं असेल?' हा पहिला प्रश्न नव्हेच. पहिला प्रश्न : 'शेवटचं कुठलं स्टेशन गेलं?'

एक गोष्ट इथेच नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या रांगेत पडदा चौथा आहे. म्हणजे वीज, प्रोसेसर किंवा रॅम यांच्यात दोष असेल, तर यंत्र तो पडद्यावर लिहून सांगूच शकत नाही. पडदा अजून जागाच झालेला नसतो. मग ते काय करतं? शिटी वाजवतं. छोटा स्पीकर असेल तर बीप देतं, नसेल तर मदरबोर्डवरचा एखादा दिवा लावतं. काळा पडदा म्हणजे यंत्र मुकं झालं असं नव्हे. तिथे कान द्यायचा असतो.

ही पद्धत बरीच जुनी. आयबीएमचा पहिला पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये आला, तेव्हापासून तो सुरू होताना अशी तपासणी करत असे. सगळं ठीक असेल तर एक छोटी बीप. पडदा जागा झाल्यावर काही खटकलं, तर त्यावर आकडा : २०१ आला तर मेमरी, ३०१ आला तर कीबोर्ड. आज आकडे गेले, वाक्यं आली, पण पद्धत तीच आहे.

आता पहिलं स्टेशन, वीज. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं आणि तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. शंभर वर्षं उलटून गेली तरी खोपोलीच्या आसपासच्या वाड्यांत पावसाळ्यात दिवे मिचमिचतात, तो वेगळा विषय आहे, त्यात आम्ही शिरत नाही. आपल्याला एवढंच बघायचंय की भिंतीतली २३० व्होल्टची वीज डब्यातल्या एसएमपीएसमध्ये जाते आणि तिथून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट होऊन बाहेर पडते.

हा एसएमपीएस पूर्ण झोपत कधीच नाही. भिंतीवरचं बटण चालू असलं की, संगणक बंद असतानासुद्धा, त्याच्या जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट असतात. त्यावर मदरबोर्ड अर्धवट जागा असतो. तुम्ही समोरचं बटण दाबता, तेव्हा खरं तर वीज चालू करत नाही, फक्त विनंती करता. मदरबोर्ड ती विनंती हिरव्या वायरीतून एसएमपीएसला कळवतो, आणि मग मोठे पुरवठे सुरू होतात. ते स्थिर झाले की एसएमपीएस राखाडी वायरीवर 'वीज ठीक आहे' अशी खूण देतो. सेकंदाच्या दहाव्या भागापासून अर्ध्या सेकंदापर्यंत एवढा वेळ त्याला लागतो. ती खूण येईपर्यंत प्रोसेसरला दाबून धरलेलं असतं. बँकर लागून इशारा मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही, तसंच.

म्हणजे यंत्र ठार मेलेलं दिसलं, पंखा नाही, दिवा नाही, काहीच नाही, तर तपासायचा रस्ता सरळ आहे. सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. यूपीएस बाजूला काढा आणि थेट भिंतीत लावा, कारण आपल्याकडे मेलेले संगणक पुष्कळदा मेलेले यूपीएस निघतात. मागची केबल बदला. एसएमपीएसच्या पाठीमागे एक छोटं बटण असतं, झाडलोट करताना ते बंद होतं, ते बघा. हसू नका, हे फार होतं. मग डबा उघडून मदरबोर्डवर बारीक दिवा लागलाय का बघा. असा दिवा बहुतेक नव्या बोर्डांवर असतो. तो लागला असेल तर जांभळी वायर जिवंत आहे, म्हणजे एसएमपीएस निदान अर्धा तरी बरा आहे. अशा वेळी समोरचं बटणच खराब असू शकतं. बटणाच्या दोन वायरी बोर्डावर जिथे लागतात त्या काढून त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना टेकवा. यंत्र सुरू झालं, तर दोष बटणाचा आहे, आणि तुमचे बरेच पैसे वाचले.

मल्टिमीटर असेल तर आणखी सोपं. बारा व्होल्टची पिवळी वायर ११.४ ते १२.६ च्या मध्ये हवी, पाचाची लाल ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये. एक मात्र बजावून सांगतो. एसएमपीएसचा स्वतःचा डबा उघडू नका. आत मोठा कपॅसिटर असतो, त्यात तीनशेच्या वर व्होल्ट साठलेले असतात, आणि वायर भिंतीतून काढल्यावरही ते काही काळ तसेच राहतात. तो डबा बदलायचा असतो, दुरुस्त करायचा नसतो. निदान आपण तरी नाही.

आणखी एक लक्षण. सकाळी बटण दाबलं, काही नाही. दुसऱ्यांदा दाबलं, पंखा हलला आणि थांबला. चौथ्यांदा सुरू झालं, आणि मग दिवसभर सुरळीत. असं यंत्र बघून माणसं म्हणतात, "त्याला सवय आहे." सवय वगैरे काही नसते. एसएमपीएसमधले किंवा बोर्डावरचे कपॅसिटर म्हातारे झालेले असतात, थंड असताना त्यांना पुरेसा जोर धरता येत नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या बोर्डांवर तर अशा कपॅसिटरांची साथच आली होती. त्यांचं सपाट डोकं फुगतं, कधी वर तपकिरी चिकट डाग दिसतो. हे डोळ्यांनी दिसणारं निदान आहे, कुठलंही उपकरण लागत नाही. अशा यंत्रातल्या कामाची नक्कल त्याच आठवड्यात दुसरीकडे काढून ठेवावी, कारण चार वेळा दाबण्याचं पुढे दहा वेळा होतं आणि मग एक दिवस होतच नाही.

डब्याला हात लावल्यावर मुंग्या येतात का? येत असतील तर ती अर्थिंगची तक्रार आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेले छोटे कपॅसिटर भिंतीतल्या विजेचा बारीकसा अंश डब्याकडे वळवतात, आणि तो अर्थिंगमधून जमिनीत जावा अशी अपेक्षा असते. अर्थिंग तुटलेली असेल तर डब्यावर साधारण निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, बसून राहतो. प्रवाह फार थोडा असतो म्हणून माणूस दगावत नाही, पण प्रिंटरची किंवा नेटची वायर लावताना तोच प्रवाह बोर्डातून वाट काढू शकतो. मे महिन्यात जमीन सुकते तेव्हा अर्थिंगचा खड्डाही सुकतो. त्यात पाणी घालायचं असतं हे शिपायाला माहीत असतं, पण त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

वीज ठीक आहे, पंखे फिरतायत, आणि पडदा काळा. इथे आपण दुसऱ्या-तिसऱ्या स्टेशनाच्या मध्ये आलो. आमच्या मते निदानाचा खरा भाग हाच, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

'वीज ठीक' ही खूण मिळाल्यावर प्रोसेसर सुटतो आणि जन्मतःच ठरलेल्या एका पत्त्यावरून पहिली सूचना वाचतो. त्या पत्त्यावर बायोसची चिप असते. (आता तिच्या नव्या रूपाला यूईएफआय म्हणतात, आपण बायोसच म्हणू.) त्या वेळी रॅम वापरण्याजोगी झालेलीच नसते. बायोसला आधी रॅम कुठे आहे, किती आहे, कुठल्या वेगाची आहे हे शोधून तिला चालू करावं लागतं, आणि तोवर प्रोसेसरच्या आतली जरा जागा कच्च्या कागदासारखी वापरावी लागते. रॅम सापडली नाही तर बायोस पुढे जाऊच शकत नाही. मग तो बीप वाजवत बसतो.

यातूनच एक साधी युक्ती निघते. पंखे फिरतायत पण पडदाही नाही आणि आवाजही नाही, अशा यंत्राची वायर भिंतीतून काढा, डबा उघडा आणि रॅमच्या सगळ्या पट्ट्या काढून बाजूला ठेवा. वायर लावून रॅमशिवायच बटण दाबा. यंत्र आता ओरडायला लागलं, तर आनंद माना. ओरडण्यासाठी प्रोसेसर जिवंत लागतो, बायोस शाबूत लागतो, वीज नीट लागते. म्हणजे एका झटक्यात तीन गोष्टी निर्दोष सुटल्या आणि संशय रॅमवर किंवा तिच्या खाचेवर आला. रॅम काढूनही ते गप्पच राहिलं, तर दोष आणखी अलीकडे आहे : प्रोसेसरकडे जाणारी चार किंवा आठ पिनांची वेगळी १२ व्होल्टची वायर सुटली असेल, बायोस बिघडला असेल, नाहीतर बोर्डच गेला असेल. त्या वेगळ्या वायरीकडे जरूर बघा. ती सैल असली तरी पंखे झोकात फिरतात, आणि माणसाला वाटतं की वीज तर येतेय.

या युक्तीला स्पीकर लागतो, आणि हल्लीच्या बोर्डांबरोबर तो देत नाहीत. चार पिनांची जागा बोर्डावर असते, स्पीकर वेगळा घ्यायचा. कर्जत स्टेशनवरच्या दोन-तीन वड्यांच्या पैशात येतो. प्रत्येक शाळेने एक घेऊन कपाटात ठेवावा. नव्या बोर्डांवर त्याऐवजी चार दिवे असतात, शेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असं लिहिलेलं असतं. जो दिवा लागून राहिला, गाडी तिथे अडली. आणि दुरुस्तीवाल्यांकडे पोस्ट-कार्ड नावाची छोटी पट्टी असते, ती बोर्डात खोचली की बायोस कुठपर्यंत आला त्याचा दोन अक्षरी आकडा दाखवते. बायोस प्रत्येक टप्प्यावर तो आकडा नोंदवत जातो, तो वाचणारं कुणी असो वा नसो.

बीपची भाषा मात्र प्रत्येक बायोसची वेगळी. अवॉर्डच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे पडद्याचं कार्ड, एएमआयच्या जुन्या बायोसमध्ये त्यासाठी आठ बीप. म्हणून मोबाइलवर कुठला तरी तक्ता बघून निष्कर्ष काढू नका. आपला बोर्ड कुठला ते बघा, बीप मोजा, लांब-छोट्या लिहून घ्या, आणि मग त्याच बोर्डाचा तक्ता शोधा. आणि हो, आवाज यूपीएसचा नाही ना, याची खात्री करून घ्या. बॅटरी संपत आलेला यूपीएससुद्धा बीप वाजवतो, आणि त्याच्या बीप मोजून रॅम बदललेली माणसं आम्हाला माहीत आहेत.

रॅमच का बिघडते इतकी? खरं तर ती फारशी बिघडतच नाही, तिचा फक्त संपर्क सुटतो. कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. शाळा मेमध्ये बंद असतात आणि जूनच्या मध्याला, बरोबर पाऊस लागतो तेव्हा उघडतात. दीड महिना यंत्रं बंद पडलेली, आत मार्च-एप्रिलची धूळ, आणि त्या धुळीत आता ओल शिरलेली. चालू यंत्र स्वतःच्या उष्णतेने स्वतःला कोरडं ठेवतं, बंद यंत्राला ती सोय नाही. मग पंधरा जूनला दहा यंत्रांतली तीन काळा पडदा दाखवतात. सुट्टीत आठवड्यातून दोनदा तासभर यंत्रं चालू ठेवली, तर यातलं बरंच टळतं.

उपाय : वीज काढा, समोरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जिरू द्या, उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थितिक वीज घालवा. रॅमची पट्टी कडेने धरून काढा, खाचेतली धूळ मऊ ब्रशने झाडा, पट्टी दोन्ही बाजूंनी 'टक्' वाजेपर्यंत परत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा, आधी एका खाचेत, मग दुसऱ्या. चार फेऱ्यांत पट्टी खराब की खाच खराब ते कळतं.

आता एका कोड्याचं उत्तर देता येईल, जे इथे बहुतेकांना पडलेलं असतं. यंत्र घरी सुरू होत नाही. डबा मांडीवर घेऊन लोकलने कल्याणला नेला. दुकानात लावला, पहिल्या फटक्यात सुरू. दुकानदार म्हणतो, काही झालेलं नाही. परत आणला, दोन दिवस चालला, तिसऱ्या दिवशी काळा. माणसाला वाटतं, दुकानदार फसवतोय. तसं नसतं. प्रवासाच्या धक्क्यांनी सैल झालेली पट्टी क्षणभर नीट बसते, दुकानातली हवा कोरडी असते, तिथली वीज आणि अर्थिंग वेगळी असते, आणि तुमचा मॉनिटर, तुमची केबल, तुमचा यूपीएस घरीच राहिलेला असतो. यातलं काय बदलल्यामुळे यंत्र चाललं, हे शोधणं म्हणजेच निदान. म्हणून यंत्र नेण्याआधी घरीच एक कागद करा : पंखा फिरतो का, दिवे कुठले, बीप किती, पडद्यावर शेवटचं काय दिसलं, किती सेकंदांनी. त्या कागदाने दुकानदाराचा तासभर वाचतो, आणि "फॉर्मॅट मारू" म्हणायला त्याची जीभ जरा अडखळते.

पडद्याचं स्टेशन लवकर उरकतो. मॉनिटरवर 'नो सिग्नल' अशी अक्षरं फिरत असतील तर मॉनिटर जिवंत आहे, हे आधी समजून घ्या. डब्याच्या मागे पडद्याच्या दोन जागा असतात, एक बोर्डाची आणि एक वेगळ्या कार्डाची. कार्ड असेल तर केबल कार्डातच हवी. डीडीआर-५ रॅमची नवी यंत्रं रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटंसुद्धा काळी राहू शकतात. ती त्या रॅमशी जुळवून घेत असतात. अशा वेळी घाबरून वीज काढू नका.

पडदा जागा झाला की यंत्र लिहून बोलायला लागतं, आणि आपण वाचायचं सोडून देतो. "सीमॉस चेकसम एरर, प्रेस एफ-१" असं येतं, आपण रोज सकाळी एफ-१ दाबतो आणि पुढे जातो. वर्षभर दाबतो. हे वाक्य काय सांगतं ते आम्ही नीट उलगडून सांगणार आहोत, कारण फॉर्मॅटची सगळ्यात दुःखद प्रकरणं इथूनच सुरू होतात.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी एक चपटी बॅटरी असते, सीआर-२०३२, तीन व्होल्टची. यंत्र भिंतीतल्या विजेपासून तुटलेलं असताना घड्याळ आणि बायोसच्या नोंदी ती जिवंत ठेवते. वीज जोडलेली असेल तर तिच्यावर भार जवळजवळ नसतो. म्हणजे ज्या शाळेत सुट्टी लागली की काटेकोरपणे मेन स्विच पाडतात, तिथली बॅटरी आधी संपते. काटकसरीचं हे फळ, पण त्यात चूक कुणाची नाही.

बॅटरी संपली की तारीख मागे जाते. तारीख चुकली की इंटरनेटवरची सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्रांची मुदत तुमच्या यंत्राच्या दृष्टीने अजून सुरूच झालेली नसते. दाखल्याचं पोर्टल उघडत नाही, रांगेतला माणूस वैतागतो, आणि आपण म्हणतो, नेट गेलं. उजव्या कोपऱ्यातली तारीख कुणी बघत नाही.

याहून वाईट पुढे आहे. बॅटरी गेली की बायोसमधल्या नोंदीही कारखान्यातल्या मूळ अवस्थेला जाऊ शकतात. त्या नोंदींत एक असते डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचं याची, एएचसीआय की रेड, आणि दुसरी असते जुन्या पद्धतीने सुरू व्हायचं की यूईएफआयने. विंडोज एका पद्धतीवर बसवलेलं असतं आणि एका रात्रीत नोंद दुसरी होते. सकाळी निळा पडदा येतो, "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस", नाहीतर काळ्या पडद्यावर एकच ओळ, की सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. डिस्क ठणठणीत असते. विंडोज ठणठणीत असतं. त्यावरचं सगळं काम जागच्या जागी असतं. आणि कुणीतरी येतं आणि फॉर्मॅट मारतं. नव्याने टाकलेलं विंडोज नव्या नोंदीवर अर्थातच सुरू होतं, त्यामुळे सगळ्यांची खात्री पटते की विंडोजच खराब झालं होतं! काही आठवड्यांनी, कुणी बायोसमध्ये पुन्हा काही हलवलं आणि मेन स्विच पाडला, की तेच परत. एका शाळेत आम्ही हे घडून गेल्यावर पोहोचलो. दहावीच्या तीन वर्षांच्या अंतर्गत गुणांच्या नोंदी गेल्या होत्या, आणि बोर्डावर तीच मेलेली बॅटरी अजून बसलेली होती. मल्टिमीटरवर तिचा आकडा दोन व्होल्टसुद्धा भरत नव्हता.

म्हणून यंत्र सुरू होताना विंडोजपाशी अडलं, तर फॉर्मॅटच्या आधी बायोसमध्ये जा. बहुतेक यंत्रांत सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबायचं असतं. पहिलं बघायचं ते तारीख. ती काही वर्षं मागे असेल तर बॅटरी गेली आणि नोंदी बदलल्या असाव्यात, असं समजा. डिस्कची पद्धत दुसरी करून बघा. यंत्र सुरू झालं नाही तर पहिली परत करा, यात काही पुसलं जात नाही. आणि आज, यंत्र नीट चालू असतानाच, बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बॅटरी बदलताना ते लागतात. बॅटरी लिहिलेली बाजू वर ठेवून बसवायची, आणि वीज काढल्याशिवाय हात घालायचा नाही.

बायोसच्या यादीत डिस्कचं नावच दिसत नसेल, तर गोष्ट वेगळी. वायर काढून परत लावा, दुसरी लावा. जुन्या फिरत्या डिस्कमधून 'टक् टक्' असा ठराविक आवाज येत असेल, तर थांबा. पुन्हा-पुन्हा सुरू करून बघण्याने तिचं उरलेलं आयुष्य संपतं. त्यातलं काम मोलाचं असेल तर यंत्र बंद ठेवा आणि माहिती काढून देणाऱ्यांकडे डिस्क न्या. आणि यादीत डिस्क दिसतेय पण विंडोज सापडत नाही, तर सगळ्यात आधी मागे पेनड्राइव्ह राहिलाय का ते बघा. यंत्र कधी कधी त्याच्यातच विंडोज शोधत बसतं.

वेळ होत आला, दोन-तीन प्रश्न घेऊ.

ताईंनी विचारलं, लॅपटॉपचं काय? क्रम तोच, फक्त शिटीऐवजी दिवे. एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपांत कॅप्स लॉकचा दिवा ठराविक वेळा मिचकतो, डेलच्या बऱ्याच यंत्रांत बॅटरीचा दिवा पिवळा-पांढरा मिचकतो. मोबाइलवर त्याचं चित्रण करून ठेवा, मोजायला सोपं जातं. आणि पहिला उपाय : चार्जर काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चार्जर लावून सुरू करा. पुष्कळदा एवढ्यावर भागतं.

मागून काकांचा प्रश्न आहे, की पुराचं पाणी शिरलं तर? २६ जुलै २००५ इथे सगळ्यांना आठवतो, म्हणून प्रश्न योग्यच आहे. उत्तर उलटं आहे, काका. बाकी वेळी आपण सुरू करून बघतो, इथे मुळीच सुरू करायचं नाही. ओलं यंत्र पाण्याने कमी आणि ओलं असताना दिलेल्या विजेने जास्त मरतं. ती नाण्यासारखी बॅटरीसुद्धा काढा, कारण तेवढ्या तीन व्होल्टांनीही ओल्या बोर्डाचं तांबं झिजतं. चिखल स्वच्छ पाण्याने धुऊन काढा, पंख्याखाली कित्येक दिवस सुकवा, उन्हात तापवू नका. एसएमपीएस नवा घ्या. डिस्क मात्र वेगळी काढून ठेवा, तिला धुऊ नका आणि सुकल्यावरही फिरवू नका. तिच्या कवचाला हवेसाठी बारीक भोक असतं, तिथून पाणी आत गेलेलं असू शकतं.

आणि सरांचा शेवटचा : रॅमच्या पट्टीला खोडरबर लावावं की नाही? लावा, पण शेवटचा उपाय म्हणून. आधी नुसती काढून परत बसवा, बहुतेक वेळा पुरतं. त्यावर पिवळा दिसतो तो सोन्याचा मुलामा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. पेन्सिलचं पांढरं मऊ रबर हलक्या हाताने एकाच दिशेला दोनदा फिरवा, आणि रबराचा चुरा पट्टीवर राहू देऊ नका, तो खाचेत गेला तर नवीनच दुखणं उभं राहतं. शाईचं खरखरीत रबर, पॉलिश पेपर, चाकूचं टोक यांतलं काहीही नको. आणि पट्टीवर फुंकर मारू नका, सर. पावसाळ्यात जी ओल आपण काढतोय, तीच तोंडातून परत घालतो.